मदत हवी आहे: जुन्या डिझेल जीपला घरगुती स्नॉर्केल

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ राहतो. जुनी डिझेल जीप आहे, टर्बो नाही. वाशिष्ठी नदी फुगली की आमच्या वाडीच्या रस्त्यावर पाणी चढतं, आणि २२ जुलै २०२१ चा पूर तर इथं कोणीच विसरलेलं नाही. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन कामातून जातं. म्हणून इंजिनचं हवा ओढायचं तोंड पाइपनं टपापर्यंत न्यायचंय, म्हणजेच स्नॉर्केल बसवायचंय. तयार स्नॉर्केल बजेटबाहेर आहे.

बेत असा: एअर फिल्टरच्या डब्याला रबरी होज, मडगार्डमधून बाहेर ३ इंची पीव्हीसी पाइप, काचेच्या खांबाला क्लॅम्प, वरच्या टोकाला खाली वळलेला बेंड. फिल्टर मूळचाच ठेवणार.

अडतंय ते इथं. पीव्हीसी उष्णतेनं मऊ पडतं, मग बॉनेटखालचा तुकडा कशाचा करू? गाडीच्या थरथरीत सॉल्व्हंट सिमेंटचे (पीव्हीसी चिकटवायच्या गोंदाचे) सांधे टिकतात का? डब्याच्या तळाला धूळ-पाणी सोडणारी रबरी चोच आहे. तिथून पाणी आत ओढलं गेलं तर सगळा खटाटोप वाया. ती पावसाळ्यापुरती बंद करावी का? जोडणी झाल्यावर वरचं तोंड झाकून इंजिन गुदमरतंय का ते बघणार आहे; गुदमरलं तर मधे कुठून हवा शिरत नाही. चाचणी तेवढी पुरे का?

कोणी स्वतः केलं असेल तर फोटोसकट सांगा. मिरगाच्या आत बसवायचंय.