मदत हवी आहे: गोळाफेकीचा पल्ला सूत्रातून सव्वा मीटर कमी येतोय

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. शिक्षण बारावी सायन्स, पण त्याला वीस वर्षं झाली, म्हणून इथे विचारतोय.

लेक अकरावीला आहे, ३ किलोचा गोळा फेकते. वर्गात सध्या प्रक्षेप्य गती (फेकलेल्या वस्तूची गती) चालू आहे. तीच म्हणाली, माझीच फेक गणितात बसवून बघू. रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत मैदान गाठलं. मी बाजूला उभा राहून मोबाईलवर शूटिंग केलं. टेपने अंतर भरलं ९.६० मीटर. घरी येऊन एकेक फ्रेम मोजली. गोळा बोटांतून सुटल्यापासून मातीत रुतेपर्यंत ३९ फ्रेम, सेकंदाला ३० प्रमाणे १.३ सेकंद.

सगळ्यात लांब पल्ला ४५ अंशाला मिळतो असं पुस्तकात आहे, म्हणून कोन ४५ धरला. उड्डाणकाल = २ × वेग × साइन कोन ÷ जी (गुरुत्व त्वरण, ९.८१), यातून वेग आला सेकंदाला ९.०२ मीटर. तो पल्ल्याच्या सूत्रात (वेगाचा वर्ग × साइन दुप्पट कोन ÷ जी) घातला तर उत्तर ८.२९ मीटर. तीनदा करून बघितलं, तेच. आता पोरगी म्हणते, "पप्पा, मला फिजिक्स जमतच नाही." ते मला जास्त लागलंय. शिवाय तिचे कोच सांगतात की ४५ ला फेकू नको, कोन जरा कमी ठेव. मग खरं काय?

प्रतिसाद:

दादा, आधी लेकीला सांगा की तिची आकडेमोड बरोबर आहे. सूत्र चुकीच्या जागी वापरलं गेलंय. ती दोन्ही सूत्रं वस्तू जिथून सुटली त्याच पातळीवर परत पडते तेव्हाची. गोळा सुटतो खांद्याच्या वर आणि पडतो जमिनीवर. सुटताना उंची किती होती?

व्हिडिओवरून साधारण १.६ मीटर.

मग कोन धरूच नका, तुमच्या मोजमापातूनच काढा. आडवा वेग बदलत नाही, म्हणून तो ९.६ ÷ १.३ = ७.३८. उभ्या दिशेला गोळा १.३ सेकंदांत एकूण १.६ मीटर खाली आलाय. नुसत्या गुरुत्वाने तो तेवढ्या वेळात ½ × ९.८१ × १.३² = ८.२९ मीटर खाली आला असता, त्यातून १.६ वजा, उरले ६.६९, भागिले १.३ म्हणजे उभा वेग ५.१५. या दोन्हींतून फेकीचा वेग ९ मीटर प्रति सेकंद आणि कोन ३५ अंश.

आता गंमत बघा. गोळा वर जायला ०.५२ सेकंद लागले, खाली यायला ०.७८. हाताच्या पातळीवर परत येईपर्यंत तो ७.७५ मीटर गेला होता. उरलेले १.६ मीटर उतरायला पाव सेकंद लागला आणि तेवढ्यात तो आणखी १.८५ मीटर पुढे गेला. हा शेवटचा उतारच पुस्तकातल्या सूत्रात नाही.

कोच बरोबर सांगतात. एवढ्या वेगाला आणि उंचीला सगळ्यात लांब पल्ला ४० अंशांच्या आसपास मिळतो, पण ३५ पेक्षा फायदा जेमतेम १२ सेंटीमीटरचा. आणि कोन चढवला की हाताला गोळ्याच्या वजनाविरुद्ध जास्त रेटावं लागतं, सुटतानाचा वेगच उतरतो. पल्ल्यात वेगाचा वर्ग असतो, त्यामुळे तिथलं नुकसान मोठं. हवेचा अडथळा सोडून द्या, इतक्या जड गोळ्याला तो नगण्य.

एक काळजी घ्या. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम इकडेतिकडे झाली तरी कोन पावणेदोन अंशांनी हलतो. मोबाईलमध्ये स्लो मोशन असेल तर १२० किंवा २४० वर घ्या.

फार आभार, सर. रात्री दोघांनी वहीत परत केलं, ९ आणि ३५ बरोबर आले. लेकीने लगेच पुढचा प्रश्न काढला: टेप रिंगसमोरच्या फळीच्या आतल्या कडेपासून लावतात, पण गोळा सुटताना हात फळीच्या पुढे गेलेला असतो. ते अंतर वजा करायचं का?

हो, करायचं! हात २० सेंटीमीटर पुढे असेल तर गोळ्याचा प्रवास ९.४० चा. वेग ८.९ च्या जवळ येईल, कोन अर्ध्या अंशाने वाढेल. हे तिला आपणहून सुचलं?

हो सर. जेवता जेवता.