हिवाळ्यातली हवा आणि मुलाचा खोकला

प्रश्न :
आम्ही चेंबूरला राहतो. दिवाळी सरली की माझ्या सहा वर्षांच्या मुलाला रात्री कोरडा खोकला सुरू होतो आणि श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. शेजारी बांधकाम चालू असल्याने सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने रेघ उमटेल इतकी धूळ साचते. हा त्रास हवेमुळेच असेल का?

प्रतिसाद १ :
मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि ती मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात, त्यामुळे वजनाच्या मानाने अधिक प्रदूषित हवा त्यांच्या शरीरात जाते. खिडकीवरची धूळ बरीचशी नाकातच अडते, २.५ मायक्रॉनपेक्षा लहान, डोळ्यांना न दिसणारे कण मात्र थेट फुफ्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तो आवाज दम्याचा असू शकतो, म्हणून तपासणी लांबवू नका. इन्हेलरची सवय लागते, हा गैरसमज आहे. बोलताना धाप लागली किंवा बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागली, तर तातडीने रुग्णालय गाठा.

प्रतिसाद २ :
आपल्याकडे या सूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. म्हणून हवेच्या गुणवत्ता निर्देशांकातला ‘समाधानकारक’ हा शेरा दम्याच्या मुलांसाठी पुरेसा नाही, असे मला ठामपणे वाटते. आम्ही घरात उदबत्ती आणि डासांची कॉइल पूर्ण बंद केली, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसू लागलो, आणि मुलीची झोप सुधारली.

प्रश्नकर्ती :
बरगड्यांचे लक्षण मला ठाऊकच नव्हते. उद्याच त्याला दाखवते.