नवरा गेल्यावरच बायकांच्या अंगात का येतं? त्या पोस्टला माझं उत्तर

साखरपेठेची भाची

परवा सोलापूरच्या ग्रुपवर एका साहेबांनी लिहिलं: “पन्नाशी उलटली, नवरा गेला, सुनेने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं की बायकांच्या अंगात बरोबर देवी येते. सगळा लक्ष वेधून घ्यायचा प्रकार. रूपाभवानीच्या देवळात नेण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.” खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं तर ते हसण्यातच बुडेल, म्हणून इथे लिहितेय.

माझी मावशी आराधीण आहे, म्हणजे तुळजाभवानीची गाणी म्हणणारी, जोगवा मागणारी भक्तीण. काका मिलमध्ये होते. मिल बंद पडली, काका घरात बसले, खंगत गेले आणि एक दिवस गेले. त्यानंतर तिचा तरणा मुलगा हैदराबाद रोडला अपघातात गेला. मावशी रडली नाही. जेवायची नाही, झोपायची नाही, रात्री अंगाची लाही होतेय म्हणून मोरीत जाऊन अंगावर पाणी घ्यायची. सगळ्यांनी “धीर धर” म्हणून सांगितलं आणि आपापल्या घरी गेले. पुढे नवरात्रात शेजारी आराधी गाणी बसली होती. संबळ वाजला आणि ती घुमायला लागली. तिथल्या म्हाताऱ्या आराधीणीने तिला कुठल्या भुताचं नाव विचारलं नाही, मारलं नाही. पाठीवर हात ठेवून बसली आणि म्हणाली, “रड बाई, आता आई ऐकतीय.” मावशी त्या रात्री पहिल्यांदा रडली.

पुढे तिच्या गळ्यात कवड्यांची माळ आली, हातात परडी, म्हणजे देवीची टोपली, आली. मंगळवार-शुक्रवार पाच घरचा जोगवा. ज्या बाईला नवऱ्यामागे कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं, तिच्या कपाळाला देवीचा मळवट लागला आणि त्याच बायका परडीत पीठ-मीठ घालून तिच्या पाया पडू लागल्या. आज तिच्याकडे कोण येतं? जिचं मूल गेलं ती, जिला मुलगा विचारत नाही ती. मावशी त्यांना औषध देत नाही. सगळं ऐकून घेते, गाणं म्हणते, मग अंगात आल्यावर घरातल्या पुरुषांना बोलावून खडसावते. एरवी म्हातारीचं कोण ऐकतं? देवीचं ऐकतात.

आता तिचे गुडघे गेलेत. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणं बंद झालं. वाईट वाटतं का विचारलं तर म्हणाली, “दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवीसुद्धा दमून पलंगावर निजती, ती पुनवेपर्यंत. मग मी दमले तर काय बिघडलं?” परडी ती आता एका तरुण विधवेला शिकवतेय.

याला लक्ष वेधून घेणं म्हणायचं असेल तर म्हणा. पण मग ज्या घरांनी तिच्याकडे आधी लक्ष दिलं नाही, त्यांचंही नाव घ्या.

विवेकवाट

ताई, तुमची मावशी चांगली असेल, मान्य. आता माझ्या आईचं ऐका.

वडील गेले आणि आईला झटके यायला लागले. घरच्यांनी एका देवऋष्याकडे नेलं. तिथे तिच्या अंगातलं बाहेर काढण्यासाठी तिला केस धरून ओढलं, चाबकाने मारलं, लिंबू-मिरच्यांची धुरी दिली. मी शाळेत होतो, दाराबाहेर उभा होतो. ते झटके अपस्माराचे होते. गोळ्या सुरू झाल्यावर थांबले. पण तोपर्यंत आई माणसात राहिली नव्हती.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एका माणसाचा जीव गेल्यावर जे मिळालं, ते तुम्ही “म्हाताऱ्या आराधीणीने पाठीवर हात ठेवला” अशा गोड आठवणीने पुसायला निघालात. हा संचार गोड दिसतो म्हणूनच तो पुढच्या पिढीला दिला जातो. तुमच्या मावशीने त्या तरुण विधवेला परडी देण्याऐवजी नर्सिंगला का घातलं नाही?

साखरपेठेची भाची

तुमच्या आईचं वाचून हात थरथरले. त्या माणसाला शिक्षा व्हायलाच हवी होती.

पण कायदा काय म्हणतो तेही लिहा. अंगात शक्ती संचारल्याचं भासवून लोकांच्या मनात भीती घालणं, धमकावणं, हा गुन्हा आहे. मारहाण, धुरी, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हा गुन्हा आहे. जोगवा मागणं, देवीची गाणी म्हणणं हा गुन्हा नाही. चाबूकवाला देवऋषी आणि माझी मावशी यांना तुम्ही एका पोत्यात घातलंत. आणि नर्सिंगचं म्हणाल, तर त्या मुलीची फी भरायला तुमच्यापैकी कोण आलं होतं?

डॉक्टर, जुळे सोलापूर

दोघेही जरा थांबा. मी या शहरात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय.

ताई, तुम्ही वर्णन केलेली अंगाची लाही, झोप उडणं, भूक जाणं, न रडणं: यात रजोनिवृत्ती आहे, शोक आहे, कदाचित थायरॉइड आहे, कदाचित नैराश्य आहे. कुणी साधी रक्ततपासणी केली होती का? माझ्याकडे एक काकू आल्या, घरचे सांगत होते वारं येतं. हिमोग्लोबिन इतकं खाली की चक्कर येऊन पडत होत्या. घुमण्याला तुम्ही वाट म्हणता, पण त्या वाटेवर निदान राहून जातं आणि ते आम्हाला नंतर निस्तरावं लागतं.

आता विवेकवाट यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात एफ ४४.३ म्हणजे संचाराचा विकार. तिथे स्पष्ट लिहिलंय की नको असताना, आपल्या इच्छेविरुद्ध, आणि धार्मिक किंवा समाजमान्य प्रसंगाच्या बाहेर येतो तोच विकार धरायचा. नवरात्रात संबळावर घुमणारी प्रत्येक बाई रुग्ण नाही. हे मला लिहावं लागतंय, आनंदाने लिहीत नाही.

पद्मा, विडी घरकुल

डॉक्टर, रक्ततपासणीला पैसे कुठून आणायचे ते पण लिहा की.

माझ्या आईने सगळं आयुष्य विड्या वळल्या. दिवसाला हजार, त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढल्या त्याचे पैसे नाहीत. अप्पा गेले. आईच्या अंगात पोचम्मा देवी यायला लागली, आमच्या तेलुगू लोकांच्या पूर्व भागात हे नवीन नाही, बोनालूच्या सणात अशा कितीतरी अक्का बघाल. पण मी सांगते तिच्या अंगात कधी आलं. पेन्शनच्या कार्यालयातून परत आल्यावर. अप्पांच्या कागदावर आडनाव एक, आधारवर दुसरं, तेलुगूचं मराठी करताना कुणीतरी लिहिलेलं. हयातीचा दाखला द्यायला गेली तर मशीन बोटाचे ठसे घेईना. पाला कापून, तंबाखू चोळून बोटं गुळगुळीत झालेली. साहेब म्हणाला, “आजी, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा.” घरी आली आणि घुमली. तेव्हा कुणाला तरी ऐकू आलं.

बार्शी लाईट

अक्का, ठशाचं काम सोपं आहे. हयातीचा दाखला आता चेहरा दाखवूनही देता येतो, मोबाईलवर होतो. आणि ईपीएस-९५ या पीएफच्या पेन्शन योजनेत विधवेला महिन्याला कमीत कमी हजार रुपये मिळतात, १ सप्टेंबर २०१४ पासून. आडनावासाठी दुरुस्तीचा अर्ज मालकाच्या सहीने द्यायचा.

पद्मा, विडी घरकुल

सोपं? हजार रुपये २०१४ ला ठरले, तेव्हापासून गॅस सिलिंडर कुठे गेला? आणि मालकाची सही म्हणताय, अण्णा, ज्या ठेकेदाराकडे अप्पा होते त्याचं दुकानच उठलंय. कुणाची सही आणू?

बार्शी लाईट

मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. आता महिन्याला पंधराशे आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं.

विवेकवाट

२१ हजार वर्षाला! म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांच्या वर कमावणारी बाई सरकारच्या लेखी श्रीमंत. या आकड्यावर अख्ख्या सोलापूरने मोर्चा काढायला हवा. परडी घेऊन फिरण्यापेक्षा त्या मोर्चात या.

पद्मा, विडी घरकुल

मोर्चात होतोच आम्ही. सोलापूरजवळच्या कुंभारीची विडी कामगारांची घरं कुणी मिळवली? कामगार नेते आडम मास्तरांबरोबर लाल झेंडा धरून विडीवाल्या बायकांनीच. त्यातल्या कितीतरी जणी शुक्रवारी घुमतात. झेंडा आणि परडी एकाच हातात राहते बघा, तुम्ही कधी बघितलं नाही एवढंच.

करमाळकर

मूळ मुद्द्यावर येऊ का? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. या मोहिमेमागे आमच्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे आहेत, हे सोलापूरकर विसरतात.

माझं म्हणणं सरळ आहे. विधवेला कुंकू लावायला देवीची परवानगी लागू नये. भाचीताई, तुमच्या मावशीला तो मान आराधीण झाल्यावर मिळाला, हीच तर लाज आहे. तिला तो साधी बाई म्हणूनच मिळायला हवा होता.

साखरपेठेची भाची

हे मला पटतं. पण मावशीचं वैधव्य २०२२ च्या कितीतरी आधीचं आहे. तेव्हा ठराव नव्हता, देवी होती. आणि ठराव झाल्यावर तरी? आमच्या गल्लीत मागच्याच वर्षी एका पोरीच्या बांगड्या फोडल्या. ठराव वाचून दाखवायला कुणी आलं नाही. मावशी गेली, तिने आपली माळ काढून त्या पोरीच्या गळ्यात घातली आणि “हिला आता हात लावून दाखवा” म्हणाली. कुणी लावला नाही.

सात रस्ता

मला वेगळाच राग आहे. पुण्या-मुंबईत शामनिक हीलिंगची, म्हणजे आदिवासी भगतांसारखं तंद्रीत जाऊन बरं होण्याची, शिबिरं भरतात. अमेरिकेतल्या मायकेल हार्नर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या आदिवासींकडून उचलून, त्यांच्या देवता काढून टाकून, ड्रमच्या ठेक्यावर डोळे मिटायची पद्धत बसवली. आमच्या नात्यातल्या एक बाई निवृत्तीनंतर तिथे जाऊन आल्या. त्याला सगळे ‘आत्मशोध’ म्हणतात आणि कौतुक करतात. साखर पेठेतली बाई संबळावर घुमली की ती वेडी. ड्रम चालतो, संबळ चालत नाही. हा जातीचा आणि पैशाचा प्रश्न आहे, विज्ञानाचा नाही.

विवेकवाट

मला दोन्ही चालत नाहीत. माझ्या तोंडी दुसऱ्याची वाक्यं घालू नका.

मानववंशाची विद्यार्थिनी

कोरियात मुदांग असतात, म्हणजे अंगात देवता येणाऱ्या पुजारिणी, बहुतेक बायकाच. आयुष्यात मोठा धक्का बसतो, न समजणारा आजार जडतो, त्याला तिथे सिनब्योंग म्हणतात, म्हणजे देवतेचा आजार. मग एखादी जुनी मुदांग तिला दीक्षा देते आणि तिची ‘देवआई’ होते. राजेशाहीच्या काळात त्यांना अगदी खालच्या दर्जाचं मानत, तरी घरात मरण झालं की बोलावणं त्यांनाच. मावशीची गोष्ट वाचताना तेच दिसलं: आधी दुःख, मग आजार, मग हात धरणारी म्हातारी, मग स्वतः दुसरीचा हात धरणं. याला रोग म्हणून मोडीत काढलं तर या बायकांनी दुःखातून उभं केलेलं शहाणपण आपण फेकून देतो.

डॉक्टर, जुळे सोलापूर

कोरियातल्या बायकांना हिमोग्लोबिन तपासायची सोय आहे, बाळ. आपल्याकडे आधी ती करू.

मानववंशाची विद्यार्थिनी

तपासायला कोण नको म्हणतंय, डॉक्टर? पण तुमच्या खोलीत तिला किती मिनिटं मिळतात? नवरा कधी गेला, हे तुम्ही शेवटचं कुठल्या पेशंटला विचारलंत?

डॉक्टर, जुळे सोलापूर

बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. नाही विचारत. लिहा, मान्य आहे. पण आराधीणीकडे येणाऱ्या बाईच्या छातीत गाठ असेल, तर आराधीणीने तिला माझ्याकडे पाठवलंच पाहिजे. एवढं तुमच्या मावशीकडून कबूल करून घ्या, मी माझा विरोध मागे घेतो.

साखरपेठेची भाची

ती पाठवते. गेल्या श्रावणात अंगात असतानाच एकीला सांगितलं, “आधी दवाखाना, मग परडी.” तिच्याबरोबर मीच गेले होते.

विवेकवाट

बघा, म्हणजे दवाखान्यात जायलासुद्धा देवीचा हुकूम लागला. मी हरलो असं समजू नका. तुमची मावशी भली आहे, म्हणून निभावतंय. उद्या तिची परडी ज्या मुलीकडे जाईल ती भली नसेल, लोभी असेल, तर तिला कोण विचारणार? देवीला जाब विचारता येत नाही. माझ्या आईच्या वेळी कुणाला विचारता आला नाही.

साखरपेठेची भाची

जाब आम्ही विचारू. त्या गाण्याला बसणाऱ्या बायका विचारतील. मावशीलाही विचारतात, तोंडावर. तुम्ही शुक्रवारी या, बसा आणि तुमच्या आईचं जे झालं ते सगळ्यांसमोर सांगा. कुणी तुम्हाला उठवणार नाही.

विवेकवाट

येईन. पाया पडणार नाही.

पद्मा, विडी घरकुल

बार्शीवाले अण्णा, त्या चेहरा दाखवायच्या ॲपचं नाव काय? आईचा दाखला याच महिन्यात द्यायचाय.