इंद्रलाल रॉय : शूर वैमानिक की इंग्रजांचा शिपाई?

सातरस्ता मास्तर :
२२ जुलै ही पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून लढलेला वैमानिक इंद्रलाल रॉय याची पुण्यतिथी, म्हणून वर्गाच्या फळ्यावर मी त्याचं चित्र काढलं आणि फोटो इथं टाकला. त्यावर 'पूर्वभाग' यांनी लिहिलं, "तेरा दिवस विमान उडवलं, तेही इंग्रजांसाठी. चार हुतात्म्यांच्या सोलापुरात पोरांना हे कशाला?" रात्री झोप लागली नाही. उत्तर देतो.

तेरा दिवस हा हिशेबच चुकीचा. १८९८ ला कलकत्त्यात जन्मलेला हा मुलगा लंडनला शाळेत होता. नजर कमजोर म्हणून इंग्रजांच्या विमानदलानं आधी परत पाठवला, तर स्वतःची मोटरसायकल विकून मोठ्या डॉक्टरकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. १९१७ ला भरती, त्याच डिसेंबरात विमान कोसळलं आणि उडायला अपात्र ठरला. बरं होत असताना विमानांची चित्रं काढत होता. शेवटी जून १९१८ ला तो ४० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीत, पोचला. ६ ते १९ जुलै या दिवसांत त्याच्या नावावर शत्रूच्या विमानांवरचे दहा विजय लागले, आणि २२ तारखेला फ्रान्सवर जर्मन फॉकर विमानांशी लढताना तो पडला. वीस पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते.

लाकडी सांगाडा, त्यावर कापड, असलं ते विमान. तेव्हा इंग्रजांच्या लढाऊ वैमानिकांना पॅराशूट देत नव्हते. पेटलं की जळायचं नाहीतर उडी टाकायची. रोज सकाळी हे माहीत असून तो बसत होता. बारावीच्या पोरांना हे नाही सांगायचं तर काय सांगायचं?

पूर्वभाग :
मास्तर, धाडस मी नाकारलेलंच नाही. माझे आजोबा मिलमध्ये कामाला होते. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा डोक्यावर गांधी टोपी दिसली म्हणून त्यांना भर रस्त्यात झोडपलं. डाव्या कानानं पुढं कधी ऐकू आलं नाही. जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा येरवड्यात फासावर गेले. ज्यांनी फासावर चढवलं त्याच सरकारचं पदक रॉयला. आमच्या घरात हा इतिहास पुस्तकातला नाही.

अक्कलकोटकर :
आजोबांबद्दल आदर आहे. पण तुम्ही १९३० चा राग १९१८ च्या पोरावर काढताय. रॉय लढत होता त्याच महिन्यांत गांधीजी स्वतः खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरत होते. त्यांनाही भाडोत्री म्हणणार का? आणि मुंबईचा वेलिणकर? तोही वैमानिक, तोही जून १९१८ मध्ये फ्रान्समध्येच मारला गेला. आपल्या मराठी माणसाचं नाव इथं किती जणांना माहीत होतं, सांगा.

होटगीरोड :
विमानाचा विषय निघालाच आहे तर आपलं बोला बे. शंभर वर्षांपूर्वी एक भारतीय पोरगा विमानातून लढत होता आणि आम्ही मुंबईच्या विमानासाठी पुणं गाठत होतो. वडिलांना रात्रीतून मुंबईच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, सात तास गाडीत काढले. त्या रात्री मी सोलापूरच्या धावपट्टीला आणि तिच्याजवळच्या साखर कारखान्याच्या त्या चिमणीला शिव्या घातल्या.

बाळीवेस :
चिमणीला? कारखान्याची चिमणी जून २०२३ ला पाडली तेव्हा माझ्या मामाचा ऊस रानात उभा होता. पुढच्या हंगामात घालायचा कुठं, याचा घोर त्यानं पावसाळाभर केला. तुला विमान पाहिजे म्हणून आमच्या पोटावर पाय?

होटगीरोड :
माझा बाप तडफडत होता, त्याचं काय? धावपट्टीच्या तोंडाशी उंच चिमणी असली तर विमान उतरवायचं कसं, ते मामालाच विचार.

बाळीवेस :
मामाला मध्ये आणू नको. ऊसवाला माणूस शहराच्या आड येतो हे ऐकून कान किटले. चिमणीला पर्याय देऊन मग पाडायची होती, एवढंच मी तीन वर्षं सांगतोय.

होटगीरोड :
पर्याय आधी द्यायला हवा होता, हे मान्य. बाकी काही मान्य नाही.

सातरस्ता मास्तर :
चिमणीचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. पूर्वभाग, तुमच्या आजोबांची गोष्ट ऐकून मी गप्प झालो, खरं सांगतो. ती वर्गात सांगायला तुम्ही आलात तर माझा तास तुम्हाला देतो. पण रॉयचं चित्र मी पुसणार नाही. त्याच्या कबरीवर फ्रेंचबरोबर बंगालीतही ओळ आहे, वीराची समाधी आहे, हिला हात लावू नका अशा अर्थाची. मरताना तो कुणाच्या गणवेशात होता हे घरच्यांना ठाऊक होतं, तरी शेवटचे शब्द त्यांनी आपल्या भाषेत कोरले. त्याचा भाचा सुब्रतो मुखर्जी पुढं स्वतंत्र भारताच्या हवाईदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला.

पूर्वभाग :
भाच्याचं मला माहीत नव्हतं. इंग्रजांच्या पदकाबद्दलचं माझं मत तेच आहे आणि तेच राहील. शाळेत येतो, पण आजोबांची टोपी घेऊन येणार, ती आम्ही अजून जपलीय. आणि त्या मुलानं काढलेली विमानांची चित्रं कुठं बघायला मिळतात? माझी नात दिवसभर विमानंच काढते.