क्रूझवरचं रात्रीचं जेवण: बुफे की टेबलावर बसून?

रानजाई

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये उन्हाळा म्हणजे भारतातून आलेले आईबाबा, आणि आईबाबा आले की अलास्काची क्रूझ. सिएटल किंवा व्हँकुव्हरहून सात रात्री. परत आल्यावर जेवणाचं विचारलं की जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: "बुफे होता ना, भरपूर होतं." खालच्या मेन डायनिंग रूममध्ये गेला होतात का, तर "नाही हो, ते वेगळे पैसे देऊन असेल" किंवा "तसले कपडे नव्हते नेले."

हे ऐकून मला दरवेळी हळहळ वाटते. मेन डायनिंग रूमचं जेवण तिकिटातच धरलेलं असतं. स्टेकहाउस, सुशी वगैरे छोट्या रेस्तराँना जादा पैसे पडतात, या मोठ्या हॉलला नाही. तुम्ही पैसे आधीच भरलेत, आणि सातही रात्री ताट हातात घेऊन रांगेत उभे राहताय.

माझं मत स्पष्ट आहे. सकाळी आणि दुपारी बुफे खुशाल करा, पण रात्री खाली जाऊन टेबलावर बसा. ठरावीक वेळेचं टेबल घेतलं तर रोज तेच टेबल, तोच वेटर. दुसऱ्या दिवशी त्याला माहीत असतं की या काकांना पाण्यात बर्फ नको आणि काकू अंडं खात नाहीत. आदल्या रात्री हेडवेटरला सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी भारतीय शाकाहारी जेवण मिळतं: डाळ, एखादी भाजी, भात, कधी नान. मेन्यूत छापलेलं नसलं तरी मिळतं, फक्त मागावं लागतं.

आणि खरं कारण सांगू का? माझी आई आयुष्यभर सगळ्यांना वाढून मग जेवत आली. त्या हॉलमध्ये वेटर सगळ्यात आधी तिच्याकडे वळला आणि तिला काय हवं ते विचारलं. तिने आमच्याकडे पाहिलं, मग सूप सांगितलं. पुढचा तास-दीड तास ती एकदाही उठली नाही. बुफेत हे होत नाही. तिथे ती नातवाला पास्ता आणायला, बाबांना दही आणायला उठतच राहते.

उनाडपाऊस

रानजाई, तुमच्या आईचं वाचून बरं वाटलं, पण "रात्री टेबलावरच बसा" हे मला अजिबात पटत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. ठरावीक वेळेचं टेबल म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहा, नाहीतर आठ-साडेआठ. साडेपाचला आपल्याकडे चहाची वेळ असते. आणि अलास्कात जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. जुनोहून बोट सुटते, दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, आणि आपण खालच्या डेकवर पांढऱ्या टेबलक्लॉथसमोर तिसऱ्या कोर्सची वाट बघत बसायचं? बुफे बहुतेक जहाजांवर वरच्या डेकवर असतो, तिन्ही बाजूंनी काचा. मुलगी ताट तसंच सोडून "देवमासा!" म्हणत काचेकडे धावली, तर तिला अडवायला कोणी नसतं. मला तेच हवंय.

दुसरी गोष्ट त्या थाटाची. सात रात्रींत साधारण दोन रात्री फॉर्मल. त्या दोन रात्रींसाठी सूट, बूट, इस्त्री. हा थाट आला कुठून? जुन्या आगबोटींवर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्गाची जेवणाची दालनं वेगळी असत. १९१२ मधल्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गाला भव्य हॉल तर होताच, शिवाय वेगळे पैसे देऊन जाण्याचं रेस्तराँही होतं. आजसुद्धा क्वीन मेरी २ वर तुम्ही कुठे जेवणार हे तुमच्या खोलीवर ठरतं: महागड्या सूटवाल्यांना (सूट म्हणजे इथे मोठी, महागडी खोली) क्वीन्स ग्रिल, त्याखाली प्रिन्सेस ग्रिल, आणि बाकी बहुसंख्य ब्रिटानियात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल काढून टाकलं, ते माझ्या मते या धंद्यातलं फार चांगलं पाऊल होतं. सुट्टीवर आलेल्या माणसाला त्याच्या भुकेच्या वेळी जेवू द्या.

पांढरीशिडे

मी वेंगुर्ल्याचा. जहाजावर नोकरी केली, आधी बुफेत, मग डायनिंग रूममध्ये. आता घरी आहे. दोन्हीकडून बघितलंय म्हणून लिहितो.

उनाडपाऊस, वेळेचं बंधन आता तुम्ही म्हणता तेवढं राहिलेलं नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांत बुकिंग करतानाच ठरावीक वेळ किंवा मोकळी वेळ असं निवडता येतं. मोकळ्या वेळेत टेबल आणि वेटर बदलू शकतो, पण विनंती केली तर तोच वेटर मिळतो. आणि फॉर्मल रात्री सूट नसला तरी बऱ्याच जहाजांवर साधी पँट आणि कॉलरचा शर्ट चालतो. क्वीन मेरी २ ची कंपनी क्युनार्ड याबाबत कडक आहे. तिथे गाला रात्री सहानंतर तयार व्हायचं नसेल तर तुम्हाला बुफे आणि मोजक्या जागा मोकळ्या असतात. साडी, शेरवानी फॉर्मलमध्ये धरतात. काठापदराची साडी नेसून आलेल्या आपल्या बायकांकडे अख्खा हॉल बघतो, हे मी ट्रे खांद्यावर घेऊन पाहिलंय.

आता अन्नाचं. बुफेतलं गरम जेवण ५७ अंश सेल्सियसच्या वर ठेवावंच लागतं, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली. नियम पाळले जातात. पण ५७ अंशांवर तासभर बसलेली भाजी आणि आताच कढईतून निघालेली भाजी यांत फरक पडतोच. डायनिंग रूमचं जेवणही शेकड्यांनी बनतं, पण ताट ऑर्डर आल्यावर भरलं जातं. आम्ही गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, रांगेत उभे राहायचो, झाकण घातलेल्या प्लेट एकावर एक रचून ट्रे खांद्यावर, आणि सरकत्या जिन्याने वर. समुद्र खवळलेला असला की पाय थोडे फाकवून चालायचं. नवीन पोरांना सगळ्यात आधी तेच शिकवतात.

पोटाच्या विकाराबद्दलही सांगतो, कारण लोक यात चुकतात. नोरोव्हायरस पसरतो तो हातांतून, आणि बुफेत एकच डाव शेकडो हातांत जातो. म्हणून रुग्ण वाढू लागले की पहिला हुकूम येतो: प्रवाशांनी स्वतः वाढून घ्यायचं बंद, खलाशी वाढणार. दारातल्या हात चोळायच्या सॅनिटायझर जेलवर भागवू नका, त्या विषाणूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. साबण आणि पाणी. अमेरिकन बंदरांत लागणाऱ्या जहाजांची तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणी करतं. १०० पैकी ८५ किंवा कमी गुण मिळाले तर नापास. तपासणीच्या दिवशी आमचे हात थरथरायचे.

आणखी एक. बोट लागणाऱ्यांसाठी खालचा हॉलच बरा. जितकं खाली आणि जितकं मधोमध, तितके हेलकावे कमी.

आजीचाबटवा

सगळ्यांनी धडधाकट माणसं गृहीत धरली आहेत. माझी आई इन्सुलिन घेते. इंजेक्शन घेतल्यावर ठरावीक वेळात पोटात अन्न जायला हवं. डायनिंग रूममध्ये ऑर्डर घेतली, ब्रेड आला, स्टार्टर आला, मग वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही. शेजारी मोठा ग्रुप, त्यांचे वाढदिवस, वेटरांचं गाणं. आईच्या कपाळावर घाम दिसला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बुफेत ती समोर बघते, काय आहे ते डोळ्यांना दिसतं, किती घ्यायचं ते तिचं ती ठरवते. पाच मिनिटांत जेवायला सुरुवात.

आणि बाबा. ते तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायचे, कोणापुढे कधी दबले नाहीत. पण त्या टेबलावर चार काटे-चमचे आणि इंग्रजी मेन्यू समोर आला की ते गप्प होतात. "तू सांगशील ते," म्हणतात. मग जे येतं ते अर्धं ठेवतात. वर बुफेत तेच बाबा तीन चकरा मारून कोणता पुडिंग चांगला ते मला सांगतात. मानाने वाढलेलं जेवण ज्याला अवघडल्यासारखं करतं, त्याच्यासाठी तो मान कसला?

रानजाई

इन्सुलिनबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर माझा वाद नाही. बाबांबद्दल मात्र आहे. नान हाताने तोडून खाल्ला तर त्या हॉलमध्ये कोणी वळूनही बघत नाही. वाढणारा मुलगा इंडोनेशियाचा, फिलिपिन्सचा, नाहीतर आपल्या गोव्याचा असतो, त्यानेही घरी हातानेच खाल्लेलं असतं. बाबांना अवघडायला त्या खोलीने लावलेलं नाही. आपल्यालाच वाटतं की तिथे आपण शोभणार नाही. ते वाटणं आपण मुलांनी दूर करायचं, त्यांना बुफेत नेऊन पक्कं करायचं नाही.

तिखटमीठ

लग्नातल्या पंगती गेल्या आणि बुफे आले तेव्हाच आपलं काय गेलं ते मला कळलं होतं. पंगतीत यजमान ताटासमोर येऊन जिलबीचा आग्रह करायचा. बुफेत यजमान स्टेजवर आणि आपण कोपऱ्यात उभ्याने. जहाजावरही तेच. समोर बसून जेवलं की माणसं बोलतात. उठबस सुरू झाली की बोलणं तुटतं.

शिवाय नासाडी. बुफेतली टेबलं उचलताना बघा, पिझ्झाच्या एका घासाने सोडलेल्या स्लाइस, न फोडलेलं अंडं, दोन केक. हे सगळं जातं कुठे? आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २५ मिलीमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक केलं की किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे खरकटं समुद्रात सोडता येतं, काही राखीव समुद्रांत हे अंतर १२ मैल. ज्या देवमाशांना बघायला आपण जातो, त्यांच्याच पाण्यात.

उनाडपाऊस

नासाडी मान्य, ती मलाही टोचते. पण पंगतीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. पंगतीत कोण कुणाशेजारी बसणार हेही ठरलेलं असायचं. माझ्या आजोबांना गावच्या देवळातल्या उत्सवात वेगळ्या पंगतीत, उन्हात, सगळ्यांची उठल्यावर बसवलं जायचं. आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगितली जाते. त्यामुळे ठरवून दिलेली जागा, ठरवून दिलेला पोशाख आणि "इथे असंच जेवतात" हे ऐकलं की माझं अंग आखडतं. बुफेच्या रांगेत बिनखिडकीच्या खोलीतला माणूस पुढे आणि सूटवाला मागे असतो. त्या रांगेला माझ्या लेखी किंमत आहे.

तिखटमीठ

उनाडपाऊस, तुमच्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं. पंगतीबद्दल मी जे लिहिलं ते ज्यांना मानाने बसवलं जायचं त्यांच्याच बाजूचं होतं. पण समोरासमोर बसून जेवण्याचा मुद्दा मी सोडत नाही.

पांढरीशिडे

उनाडपाऊस, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आदर आहे, आणि तरीही सांगतो की भेदभाव आता मेन डायनिंग रूममध्ये राहिलेला नाही. तो तिथून उठून दुसरीकडे गेलाय. आजच्या मोठ्या जहाजांवर सूटवाल्यांची वेगळी रेस्तराँ, वेगळे डेक, काही ठिकाणी दाराला कार्ड लावल्याशिवाय आत जाता येत नाही. शिवाय पैसे भरून जायची रेस्तराँ वाढत चालली आहेत. मेन डायनिंग रूम ही उरलेली एक जागा, जिथे सगळ्यात स्वस्त खोलीतल्या माणसालाही बसवून, विचारून, जादा पैसे न घेता वाढतात. गिऱ्हाईक गेलं नाही तर कंपन्या तीही कमी करतील. मेन्यू आखूड होताना मी स्वतः बघितलाय. मला या वादात तेवढंच लागतं.

वेटरचाही विचार करा. दिवसाची टिप बहुतेक कंपन्या आपोआप तुमच्या बिलात लावतात, तुम्ही खाली जेवा की वर. पण वीसेक माणसांना रोज वाढून त्यांची नावं पाठ करणारा पोरगा घरापासून सहा-आठ महिने लांब असतो. शेवटच्या रात्री एखाद्या आजीने डोक्यावर हात ठेवला की त्याला काय वाटतं ते मला विचारा.

बे_एरियावाला

वाद चालू द्या, मला एक व्यावहारिक उत्तर हवंय. ऑगस्टमध्ये अलास्का, सोबत आईबाबा आणि सासूबाई. सासूबाई जैन, कांदा-लसूण-बटाटा काही नाही. बुफेत भागेल का?

पांढरीशिडे

भागवू नका. बुफेत शाकाहारी भाजीतला डाव कोणीतरी शेजारच्या चिकनमध्ये घालतो, हे रोज होतं. बुकिंग झाल्यावर लगेच कंपनीला लेखी कळवा, जैन म्हणजे काय चालत नाही ते एकेक लिहून. चढल्याच्या दिवशी दुपारी डायनिंग रूमच्या दारात हेडवेटर बसलेला असतो, त्याला सासूबाईंसोबतच भेटा. रोज रात्री निघताना दुसऱ्या दिवसाचं सांगून निघा. जिलेटिन (ते प्राण्यांपासून बनतं) असलेली गोड डिश कोणती तेही विचारा, मेन्यूवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. वेळ लवकरची घ्या, किचन तेव्हा ताजंतवानं असतं. आजीचाबटवा, तुम्हालाही हेच. इन्सुलिनचं पहिल्याच रात्री सांगितलं तर सूप आणि मुख्य ताट एकदमच आणून ठेवतात. आम्ही ठेवायचो.

उनाडपाऊस

बे_एरियावाला, सासूबाईंसाठी पांढरीशिडे सांगतात तसंच करा. पण तुमच्या मार्गात ग्लेशियर बे, म्हणजे ती हिमनद्यांची खाडी, असेल तर त्या दिवशी कोणाचंही ऐकू नका. जहाज सकाळी आत शिरतं, दिवसभर आतच फिरतं, कुठे उतरायचं नसतं. त्या दिवशी दुपारी वरच्या बुफेत काचेजवळचं टेबल साडेअकरालाच धरा आणि आईबाबांना तिथेच बसू द्या, ताटं तुम्ही आणून द्या.