जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस: भाग बिघडण्याआधी बदलावेत की बिघडल्यावर?

अजिंक्यतारा (धागाकर्ता):

स्कोडाच्या पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएस (ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती) सातारा परिसरात अजूनही मोजक्या का होईना, पण धावताना दिसतात. त्यांचे वय आता वीस वर्षांच्या घरात आहे. १.८ लिटरचे, २० व्हॉल्व्हचे टर्बो (म्हणजे जास्तीची हवा दाबून भरणारे) पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती असलेली ही गाडी ज्याने एकदा पसरणी घाटात चालवली, त्याला ती विकवत नाही, हे मी समजू शकतो. मात्र ती ठेवायचीच असेल, तर तिची देखभाल किलोमीटरच्या नव्हे, वर्षांच्या हिशेबाने करावी, असे माझे ठाम मत आहे. अशा गाड्या बहुधा सुट्टीच्या दिवशीच बाहेर निघतात आणि ‘गाडी फिरलीच किती’ असे म्हणत कामे पुढे ढकलली जातात. पण रबर, प्लॅस्टिक आणि ब्रेकचे ऑइल उभ्या गाडीतही खराब होत राहते.

सर्वांत आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा त्याचे दाते घसरले, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि इंजिनाचा वरचा भाग (हेड) उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर, त्याला दिशा देणारी चाकी म्हणजे आयडलर आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फिरवणारा वॉटर पंप हा सगळा संच पाच वर्षांनी एकत्र बदलावा. पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे मजुरी एकदाच लागते. शिवाय सुरुवातीच्या अनेक पंपांमधला पंखा प्लॅस्टिकचा असे. तो तडकला किंवा दांड्यावर सैल झाला, की टाकीत कूलंट भरलेले असूनही ते फिरत नाही आणि गाडी गरम होते. कूलंटची पातळी बरोबर असताना तापमानाचा काटा वर का जातो, हे कोडे कित्येकांना रेडिएटर बदलूनही सुटत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे ब्रेक ऑइल. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. हवेतले पाणी शोषल्यानंतर मात्र मानकाने दिलेली मर्यादा १५५ अंशांवर येते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळी हवेत वावरणारी आणि पाचगणीहून वाईकडे पाचशे मीटरहून अधिक उतरणारी जड गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलण्यात चालढकल करू नये.

कृष्णाकाठ:

ब्रेक ऑइलबद्दल दुमत नाही. मूळ भूमिकेला मात्र माझा विरोध आहे, कारण ‘वर्षे झाली, काढून टाका’ या नियमाने जुन्या गाड्यांचे जितके नुकसान होते, तितके थोड्या कारणांनी होत असेल. कारखान्यातून बसून आलेला, अजून व्यवस्थित चालणारा भाग काढायचा आणि त्याच्या जागी मिळेल त्या खोक्यातला भाग बसवायचा, हा व्यवहार मला पटत नाही. या गाडीचे ओरिजिनल सुटे भाग साताऱ्यात सहज मिळत नाहीत. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून मागवलेल्या भागांतही डुप्लिकेट निघतात. चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे नवे बूश, म्हणजे सांध्यातले रबर, दोन पावसाळ्यांत फाटल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यांच्या जागी होते ते जुने बूश तोवर धड होते.

दुसरा मुद्दा हाताळणीचा. वीस वर्षांच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा, वायरिंगची कनेक्टरे आणि व्हॅक्यूमचे पाइप इतके ठिसूळ झालेले असतात, की एक भाग बदलताना शेजारचे दोन तुटतात. खंबाटकी घाट चढताना माझी गाडी ओढेनाशी झाली, तेव्हा एका गॅरेजने तपासणी न करताच टर्बो बदलण्याचा सल्ला दिला. मी साताऱ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी दाबाची गळती शोधली, तेव्हा टर्बोची जास्तीची हवा वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला निघाला. टर्बोचा खर्च वाचला. म्हणून आधी दोष वाचणारा स्कॅनर लावा, गळती तपासा, ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर बदलून पाहा आणि दोष सिद्ध झाल्यावरच पैसे खर्च करा.

यवतेश्वर:

कृष्णाकाठ यांचे कॉइलबद्दलचे म्हणणे योग्य आहे. कॉइल गेली, तर इंजिन मिस होते (झटके देते) आणि चालकाला लगेच समजते; हळूहळू घरी येता येते. टायमिंग बेल्टला हा न्याय लावता येत नाही. वरचे कव्हर काढून बेल्ट पाहता येतो, हे खरे. परंतु या इंजिनात हायड्रॉलिक टेन्शनर आहे आणि तो आतून किती थकला आहे, हे बाहेरून पाहून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. बेल्ट नव्यासारखा दिसत असताना टेन्शनरने दगा दिला, तरी परिणाम वाकलेले व्हॉल्व्ह हाच. कृष्णाकाठ, आपण आपल्या गाडीचा बेल्टसुद्धा सिद्ध दोषाची वाट पाहत ठेवणार का?

माहुली:

दोन्ही बाजू गाडी ठेवायचीच, हे गृहीत धरून बोलत आहेत. २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये केले, त्यात फिटनेस तपासणी आली आणि आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता अशा पेट्रोलवर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिलेला आहे. ज्या गाडीच्या बाजारभावाइतका खर्च टायमिंग बेल्टच्या एका संचात आणि एका क्लचमध्ये होऊ शकतो, तिच्यावर ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग सोडून बाकी खर्च करणे मला समर्थनीय वाटत नाही.

अजिंक्यतारा:

माहुली, इथेनॉलचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या अशा पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत. त्या गरम टर्बोच्या आसपास पाझरू लागण्याची वाट का पाहायची? त्या वयानुसार बदलणे हा इथे चैनीचा खर्च ठरत नाही.

कृष्णाकाठ यांनी डुप्लिकेट भागांचे जे सांगितले, त्याचे उत्तर भाग न बदलणे हे नसून भाग आधीपासून जमवून ठेवणे हे आहे. गाडी बंद पडल्यावर माणूस घाईत मिळेल ते घेतो. सहा महिने आधी ठरवले, तर क्रमांक तपासून योग्य भाग मागवता येतो. इंजिन ऑइलचेही तसेच: स्कोडाच्या मूळ कंपनीचे, म्हणजे फोक्सवॅगनचे, ५०२ ०० मानक असलेले ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल निदान वर्षातून एकदा बदलावेच. स्वस्त ऑइल लांबवले, की त्याचा गाळ इंजिनाच्या तळाच्या जाळीत बसतो, ऑइलचा दाब कमी होतो आणि पहिला बळी टर्बोचा जातो. शिवाय जी१२ हे गुलाबी कूलंट असताना त्यात हिरवे ओतू नये. दोन्ही मिसळून तपकिरी गाळ होतो आणि हीटरचा कोअर, म्हणजे केबिन गरम करणारी जाळी, तुंबतो.

कृष्णाकाठ:

यवतेश्वर यांच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: बेल्टचा संच मी वर्षांवरच बदलतो, कारण तिथे चुकल्याची किंमत संपूर्ण इंजिन आहे. माझा विरोध हाच नियम सस्पेन्शनला, सेन्सरला आणि कॉइलला लावण्यास आहे. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर सदोष झाला, तर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देते आणि स्कॅनरवर वाचलेले तापमान बाहेरच्या हवेशी जुळत नाही. इतकी स्पष्ट खूण मिळत असताना तो आधीच का काढावा? बूश आणि सस्पेन्शनला जोडणारे लिंक रॉड मी गाडी जॅकवर घेऊन पहारीने हलवून पाहतो. ज्यांत फट दिसते, तेच बदलतो आणि दोन्ही बाजूंचे बदलतो.

अजिंक्यतारा:

पहारीने फट दिसते, पण रबर आतून सुटलेले दिसतेच असे नाही. खंबाटकीच्या वळणावर वेगात ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढली, तर तो इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असतो. पुढच्या लोअर आर्मचे मागचे बूश तरी मी आपल्या वर्षांच्या यादीतून काढणार नाही.

कृष्णाकाठ:

मग भाग ओरिजिनल मिळाल्याची खात्री करून, जुने बूश गॅरेजमध्ये टाकून न देता घरी आणा आणि कापून पाहा. आतले रबर खरोखर सुटलेले निघाले, तर त्याचे छायाचित्र इथे लावा. त्यानंतर मी माझी यादी बदलेन.