चिकानो, लॅटिनो की हिस्पॅनिक? मराठीत काय लिहायचं?

अमेरिकन लेखकांवर लेख लिहितेय. त्यात सांद्रा सिस्नेरोस आहे, मिगेल अल्गारीन आहे, ऑस्कर इहुएलोस आहे. सगळ्यांना सरसकट हिस्पॅनिक म्हटलं तर चालेल का? आणि चिकानो म्हणजे नेमके कोण?

—

चालेल, हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषिक मुळाचे आणि लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे, पण हिस्पॅनिक हा सरकारी कागदावरचा शब्द आहे हो. १९८० च्या जनगणनेत घरोघरी विचारला गेला आणि तिथून रुळला, लॅटिनो त्या फॉर्मवर यायला २००० साल उजाडलं. सिस्नेरोसला तर हिस्पॅनिक म्हटलेलं अजिबात आवडत नाही.

चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन, पण सगळेच स्वतःला तसं म्हणवत नाहीत. मूळ बहुधा मेशिकानो, त्यातला 'मे' गळला असं बरेच जण मानतात. आधी गरीब मजुरांना हिणवायला वापरायचे, मग साठच्या दशकात शेतमजुरांचे संप, विद्यार्थ्यांची आंदोलनं सुरू झाली आणि पोरांनी तोच शब्द उचलून मिरवायला घेतला. डेन्व्हरचा कॉर्की गोन्झालेस, आधीचा बॉक्सर बरं का, त्याची 'आय ॲम होआकीन' ही १९६७ ची लांबलचक कविता सभांमधून वाचली जायची. त्याच वर्षी बर्कलीत किंतो सोल हे चिकानो प्रकाशन निघालं, टोमास रिवेरा, रुदोल्फो अनाया हे लेखक तिथूनच पुढे आले.

—

अल्गारीनला मात्र चिकानो लिहू नका, तो पोर्तो रिकोचा, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरचा. त्याच्यासाठी न्यूयोरिकन, न्यूयॉर्क अधिक पोर्तो रिकन. हाही मुळात टोमणाच, बेटावरचे लोक न्यूयॉर्कात वाढलेल्यांना मारायचे. त्याने आणि मित्रांनी १९७३ च्या सुमारास कवितेचा अड्डा काढला आणि नावच दिलं न्यूयोरिकन पोएट्स कॅफे, घ्या आता!

—

एवढं कशाला, मराठी वाचकाला लॅटिनो पुरे की.

—

नाही पटत. चिकाना लेखिका ग्लोरिया आन्साल्दुआचं १९८७ चं 'बॉर्डरलँड्स' बघा, इंग्रजीत मधेच स्पॅनिश, बरंचसं भाषांतर न करता, कारण टेक्ससच्या सीमेवर बोलतातच तसं. अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर १८४८ च्या तहात मेक्सिकोचा केवढा मुलूख अमेरिकेकडे गेला, त्यामुळे तिथली कित्येक घराणी कुठूनही न हलता अमेरिकन झाली. नुसतं लॅटिनो म्हटलं की वाचकाला वाटणार बाहेरून आलेली माणसं.

—

पटलं. मग इहुएलोस क्यूबन-अमेरिकन, १९९० चा कादंबरीचा पुलित्झर त्याचा. सिस्नेरोस चिकानो लेखिका की चिकाना?

—

चिकानाच. लेखिका शब्दात स्त्रीलिंग आलंय हे खरं, पण चिकाना म्हणवणाऱ्या बायका चिकानो चळवळीतल्या पुरुषांशीही भांडत होत्या, 'ना' मुद्दामच आहे तो.